पडद्यावरचे मडके

आमच्या पुनावळ्यात हल्ली एखादी अनोळखी मोटार दाराशी उभी राहिली, की ती जागा विकत घ्यायलाच आली आहे असे आम्ही समजतो. पवनेच्या अंगच्या या जमिनीची माती एके काळी वीटभट्ट्यांना जात होती; आता तिच्यावर वीस-वीस मजले उभे आहेत, आणि महामार्गाखालच्या भुयारी रस्त्यात संध्याकाळी वाहनांची अशी कोंडी होते, की बैलगाडीच्या काळात माणसे वाकडला याहून लवकर पोहोचत असतील. तेव्हा २०१८ च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, एक पांढरी मोटार आमच्या दाराशी थांबली, तेव्हा मी आतूनच ओरडून सांगितले, "जागा द्यायची नाही!"

उतरलेला मुलगा जागेसाठी आला नव्हता. पंचविशीचा असेल. नमस्कार करून म्हणाला, "काका, हाताने मडकी करणारे तुम्हीच ना?"

या प्रश्नाला सरळ उत्तर देणे मला अवघड गेले. मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. मडकी केली ती माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी. निवृत्त झाल्यावर माळ्यावरचे जुने चाक खाली काढले, त्याला मोटर बसवली, आणि संक्रांतीची सुगडी, दिवाळीच्या पणत्या, पोरींच्या भातुकलीची बोळकी एवढ्यावर माझी कुंभारकी चालली होती. पण घरात माझी आत्या होती. तेव्हा तिचे वय ऐंशीच्या पुढे गेलेले. मुलाला मी म्हटले, "करतो, म्हणा."

तो एका चित्रपटाच्या कलाविभागात काम करीत होता. सतराव्या शतकातले मावळातले खेडे उभे करायचे होते. बाजारातून आणलेली मडकी कॅमेऱ्यासमोर मांडल्यावर ती सगळी जुळी भावंडे दिसू लागली, कारण ती साच्यातली. दिग्दर्शकांना हाताची हवी होती. त्याने यादी काढली: एकशे ऐंशी नग, त्यांत चाळीस कुल्हड आणि बारा बरण्या, गळ्याशी तपकिरी आणि खाली पांढऱ्या, चकचकीत.

वाचकहो, माझ्यातला मास्तर येथे जागा झाला. शिवकाळातल्या मावळ्याला तुम्ही कुल्हडात काय पाजणार? चहा? चहा आपल्याकडे खेडोपाडी पोहोचला तो विसाव्या शतकात. आणि चकचकीत बरण्या म्हणजे झिलईच्या चिनी मातीचे काम. आमच्या आव्यात ती झिलई चढतच नाही. तशी मोठी भांडी त्या काळी गलबतांतून आपल्या बंदरांत येत असत, हे खरे. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून त्यांना 'मर्तबान' हे नावच पडले. पण ती एखाद्या सावकाराच्या कोठीत शोभावीत, मावळातल्या कुणब्याच्या झोपडीत नव्हे. मुलाने मुकाट्याने दोन्ही ओळी खोडल्या आणि विचारले, "मग काय ठेवू, काका?"

ते मलाही नीटसे सांगता येईना. पुस्तकात राजांची नावे होती, मडक्यांची नव्हती. मी आत्याला हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली आणि एका दमात म्हणून गेली: रांजण, डेरा, घागर, मोघा, केळी, तवली, गाडगे, परळ, खापर, येळणी, कुंडी, करा. प्रत्येकाचे काम वेगळे, पोट वेगळे, ओठ वेगळा. मुलगा भराभर लिहून घेत होता. मी बत्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि माझ्या आत्याला ही यादी मी कधी विचारली नव्हती, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आले.

काम घेतले खरे. पण सिनेमा आणि मडके यांचा संबंध काय, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. शोधू लागलो तर तो संबंध पहिल्या दिवसापासूनचाच निघाला. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि सिनेमा ही करण्यासारखी गोष्ट आहे यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला, आणि रोज थोडे थोडे चित्रण करून कोंबापासून वेलापर्यंतची वाढ मिनिटाभराच्या पट्टीत बसवली. ती 'अंकुराची वाढ' पाहून यशवंत नाडकर्णी यांनी कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१३ च्या ३ मे रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात लागला. आपल्या चित्रपटसृष्टीला पहिले भांडवल मिळवून दिले ते त्या कुंडीतल्या वाटाण्याने. नाव वाटाण्याचे झाले. कुंडीचे कुणी काढले नाही. त्याला आम्ही कुंभार सरावलेले आहोत.

त्या काळची फिल्म निळ्या-हिरव्याला ओळखे, पण तांबड्या रंगाला ती ठार आंधळी होती. तांबडे ते सगळे पडद्यावर काळे उतरे. म्हणजे आमच्या बापजाद्यांनी काव लावून, घोटून, भाजून जी लाली आणली, तिचा मूकपटात थेट कोळसा! पाण्याचा तांबडा माठ आणि चुलीवरची काळी ठिक्कर तवली यांत पडद्यावर फरक उरत नसे. पुढे १९३० च्या सुमारास सर्व रंग जाणणारी फिल्म रुळली, तेव्हा माठ निदान करडा झाला. 'प्रभात'ने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट घातला. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या. पण रंग भडक उतरले आणि तो नाद सुटला. मडक्याला त्याचा खरा रंग मिळायला आणखी पुष्कळ वर्षे जायची होती.

रंगाआधी त्याला आवाज मिळाला. १९३२ च्या ६ फेब्रुवारीला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' झळकला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. तोवर कागदाच्या लगद्याचे मडके रंगवून ठेवले तरी चाले. आता नटीने घागर ओट्यावर टेकवली की ती घागरीसारखी वाजली पाहिजे. मूकपटात मडके दिसले की पुरे; बोलपटात ते भाजलेले असणे भाग पडले. आता आवाज मागाहून भरता येतो, ही गोष्ट निराळी.

प्रभातची गोष्ट निघालीच आहे तर थोडे थांबतो. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. जिथे तिचा स्टुडिओ होता, तिथे १९६० पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, हे दोघेही बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कलावंत. बाबुरावांनी १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये गरीब शेतकऱ्याचे घर खऱ्यासारखे दाखवले, तो धडा या शिष्यांनी गिरवला. त्यांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला. आमच्या पुनावळ्याहून देहू भल्या पहाटे निघाले तर उन्हे चढायच्या आत पायी गाठता येते, त्यामुळे तो चित्रपट आम्हा लोकांना घरचा वाटतो. लहानपणी पाहिला तेव्हा मी पागनीसांचे विमान पाहिले. आता मुद्दाम पुन्हा पाहिला तो जिजाईचे घर पाहण्यासाठी. त्या घरातल्या वस्तू मांडलेल्या वाटत नाहीत, वापरलेल्या वाटतात. अशा चित्रांच्या नामावलीत सुतारापासून शिंप्यापर्यंत कुणाकुणाची सोय लागते. कुंभाराचे नाव मी अजून वाचलेले नाही.

पण जुन्या काळी तरी कुंभाराला नाव कुठे होते? त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ चे. त्यात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत; चांभार, परीट, न्हावी यांच्याबरोबर कुंभार मधल्या ओळीत बसतो. वर्षभर त्याने गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा आणायचा. एका मडक्याची एक किंमत, असा हिशेब नव्हता. आत्याच्या लहानपणी हे चालू होते. ती सांगे, "पैसं कुटलं रं? खळ्यावं पाटी घिऊन जायाचं. कुनी वंजळभर टाकी, कुनी सूपभर, कुनी म्हनं फुडल्या वर्साला." त्या व्यवस्थेत उपाशी मरण नव्हते म्हणून तिचे गोडवे गाणारे लोक मला भेटतात. त्यांना मी आळंदीची गोष्ट सांगतो.

मुक्ताबाईला मांडे करायचे होते. मांडे भाजायला कुंभाराकडचे खापर लागते. विसोबा चाटी या प्रतिष्ठित गृहस्थाने कुंभारांना ताकीद दिली, की त्या संन्याशाच्या पोरीला भांडे द्यायचे नाही. आणि कुंभारांनी ते दिले नाही. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवला आणि मुक्ताईने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. कीर्तनात लोक पाठीपाशी हात जोडतात. माझे मन त्या कुंभाराच्या दारात घोटाळते. त्याच्याजवळ खापर होते आणि तो नाही म्हणाला, कारण गावातल्या वजनदार माणसाला दुखवून त्याला खळ्यावर जाता आले नसते. दंतकथा म्हणा हवी तर, पण गाव कसे चालत असे हे तिला पक्के ठाऊक आहे. सिनेमावाल्याचे काम वेळेवर न दिल्यास तो फार तर दुसऱ्याकडे जाईल, आणि त्याचे काम मी नाकारले तरी माझे धान्य बंद होत नाही. हा फरक मला लहान वाटत नाही.

खापर आमच्या यादीतही होते. मी ते परातीसारखे पसरट केले. आत्याने पाहिले आणि म्हणाली, "ह्ये खापर न्हवं. ह्याच्यावर मांडा कसा पडंल? पाठ पायजे त्याला, पाठ. पालथ्या मडक्यावानी." सतरा खापरे मी मोडून पुन्हा मातीत घातली.

खरी परीक्षा रांजणाची. एवढे मोठे भांडे चाकावर उभे राहत नाही. चाकावर नुसता गळा आणि जाड भिंतीचे थोटे पोट काढायचे, अर्धवट सुकू द्यायचे, आणि मग आतून गोल दगडाचा गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत थापटत ते पोट वाढवायचे. भिंत पातळ होत जाते, रांजण फुगत जातो. हात चुकला तर भोक. आमच्यात चाकाला बायकांनी शिवायचे नाही, असा जुना दंडक. आत्याने जन्मात चाक फिरवले नाही. पण आमच्या घरात थापटणे तिचे होते. माझे दोन रांजण फाटल्यावर ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "सर बाजूला." तो टप् टप् आवाज मी चाळीस वर्षांनी ऐकला. चार दिवस ती रोज थोडा वेळ थापटत होती. मी गुंडा कसा फिरतो ते पाहत होतो आणि शेजारी तो सिनेमाचा मुलगा मोबाइलवर चित्रण करीत होता. तिने चार रांजण केले. त्यातले दोन टिकले.

गोरोबाकाकांचे थापटणे सर्वांना आठवतच असेल. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. गोरोबांचे तेर, धाराशिव जिल्ह्यातले, हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात या पेठेचा उल्लेख येतो, आणि तेथे सापडलेल्या मातीच्या मूर्ती आजही तेरच्या संग्रहालयात पाहता येतात. गोरोबांची कथा कर्नाटकानेही आपली मानली. १९७४ च्या 'भक्त कुंभार' या कन्नड चित्रपटात राजकुमार गोरा झाले होते.

मडके वाजवून पाहण्याची ही रीत पुरातत्त्वज्ञांचीही आहे, हे कळल्यावर मला गंमत वाटली. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तिथे सापडलेली तांबडी, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारल्यास धातूसारखी वाजतात. त्याच तऱ्हेची भांडी वापरणारे इनामगाव आपल्याच जिल्ह्यात, घोड नदीवर. तिथले उत्खनन १९६८ पासून दीड दशक चालले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात कुंभाराचे घर सापडले, भट्टीही सापडली. घर गावाच्या पश्चिम कडेला, इतर कारागिरांच्या घरांजवळ. प्रमुखाचे घर मात्र मध्यभागी. गावगाडा लिहिला जाण्यापूर्वी तीन हजार वर्षे आम्ही कडेलाच होतो!

इतिहासावरच्या चित्रपटांना आता या लोकांचे साहाय्य घ्यावेसे वाटते, हे चांगले लक्षण आहे. आशुतोष गोवारीकरांनी २०१६ च्या 'मोहेंजो दारो'साठी भुजजवळ सगळे शहर उभारले, तेव्हा जोनाथन मार्क केनॉयर आणि डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्यासारख्या संशोधकांचा सल्ला घेतला होता. चित्रपटावर टीका पुष्कळ झाली, तो वेगळा विषय. आमच्या चित्रपटाला आत्या पुरली.

आता भाजणीचा प्रसंग. पूर्वी घरामागे आवा लागे: खाली गोवऱ्या आणि पाचट, त्यावर भांड्यांची रास, वरून राख-मातीचे लिंपण, रात्रभर धग. यंदा आवा पेटवून तास झाला नाही तोच शेजारच्या इमारतींतून निरोप आले आणि पाठोपाठ अग्निशामक बंब. बंबावरचे लोक सज्जन होते. आग कुठे लागली, असे त्यांनी विचारले आणि मडकी पाहून हसले. पण आवा विझवावा लागला आणि अर्धवट भाजलेली तीसेक भांडी गेली. उरलेला माल टेंपोत पेंढा घालून मुंढव्याजवळ केशवनगरला नेला. तिथे अजून कुंभारांची वस्ती आहे, भट्ट्या आहेत. एका नातेवाइकाने भट्टी दिली.

फुटणाऱ्या घागरींनी वेगळाच ताप दिला. एका प्रसंगात दगड लागून डोक्यावरच्या पाच घागरी फुटायच्या होत्या, पाण्यासकट. मुलगा म्हणाला, "काका, कच्च्याच द्या, लगेच फुटतील." कच्च्या मडक्यात पाणी भरले तर ते फुटत नाही, त्याचा चिखल होतो, आणि तो नटीच्या अंगावर! पक्की भाजली तर डोक्याला इजा व्हायची. मग पातळ भिंतीच्या, कमी आचेवर भाजलेल्या आणि आतून ओल्या मातीवर रेघ ओढून ठेवलेल्या वीस घागरी केल्या. त्या रेघेवर त्या सुबक दुभंगत. फुटण्यासाठी मडके नीट घडवायचे, हे काम वडिलांना सांगितले असते तर त्यांनी मला दाराबाहेर काढले असते.

एप्रिलअखेर माल गेला. पैसे मिळाले, अर्धे तेव्हा आणि अर्धे पुष्कळ खेटे घातल्यावर. कुठल्या कंपनीचे, ते सांगण्यात अर्थ नाही. चित्रीकरण संपल्यावर एक दिवस तो मुलगा स्वतःहून एक रांजण परत घेऊन आला. त्याच्यावर जुनाटपणासाठी काजळी, हळद आणि कसलासा हिरवा रंग फासलेला होता. आत्याने तो दोन दिवस घासला, उन्हात ठेवला, आणि थापटून पाहून म्हणाली, "वाजतोय. पानी भर."

चित्रपट लागला तेव्हा आम्ही तिला चिंचवडला घेऊन गेलो. थिएटरात ती जन्मात दुसऱ्यांदा येत होती. लढाया झाल्या, गाणी झाली, ती निमूट बसली होती. मला वाटले झोपली. मध्यंतरानंतर मावळातले ते घर आले आणि उजव्या कोपऱ्यात तिचा रांजण. पुरते चार क्षणही नसतील. एक मावळा धावत आला, त्यात हात घालून पाणी प्याला. त्या अंधारात, भरल्या थिएटरात, आत्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आरं, येळनी कुटाय? उगड्या रांजनाचं पानी पितोय त्यो!"

पुढच्या रांगेतली माणसे वळून पाहू लागली. मी तिचा हात दाबला. पण ती बरोबर होती. रांजणाच्या दोन येळण्या मी स्वतः केल्या होत्या, बिलात लावल्या होत्या, त्यांचे पैसेही घेतले होते. घरी आल्यावर माळ्यावर चढून पाहिले. पेंढ्यात गुंडाळलेल्या दोन्ही तिथेच होत्या. टेंपो भरताना मीच त्या विसरलो होतो.